शिवणाऱ्याचे नाव

कृतज्ञतेची परमावधी सांगताना मराठी माणूस म्हणतो, ‘अंगाच्या कातड्याचे जोडे शिवून पायांत घातले, तरी उपकार फिटणार नाहीत.’ वर्गात वाक्प्रचार शिकवताना आम्ही हे वाक्य कितीदा तरी फळ्यावर लिहिले. त्यात कातडे आहे, जोडे आहेत, पायही आहेत. जोडे शिवणारा मात्र नाही, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले.

सातारा-सांगलीच्या इतिहासातही त्याला शोधावेच लागते. मुळात हा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात मोडे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. बलुतेदारीत ढोराने बाभळीची साल, हिरडा आणि चुना वापरून कातडे कमवावे, चांभाराने त्याच्या वहाणा कराव्यात, मोट शिवावी-सांधावी आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यावे, अशी रीत होती. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ने (१९१५) ही व्यवस्था मराठी वाचकांसमोर तपशिलाने मांडली.

तत्पूर्वीच, १९१० मध्ये, औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली होती. तेथे लोखंडी नांगर झाले, पुढे पंप झाले. तेथूनच १९२० पासून निघालेल्या मासिकाचे आपण वाङ्मयेतिहासात आधुनिकतेचे अग्रदूत म्हणून स्वागत करतो. परंतु पंप आले तशी विहिरीवरची मोट गेली आणि मोटेबरोबर चांभाराचे हक्काचे काम गेले. हा निव्वळ तोटा नव्हता. बलुत्याचा जाचही त्याबरोबर सैल झाला. कारागीर रोकड बाजारात स्वतंत्रपणे उभा राहिला. मात्र त्या बाजारात त्याच्या मालाला नाव मिळाले ते पेठेचे : ‘कोल्हापुरी’.

२०१८-१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन लाभले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे येतात. म्हणजे सातारा-सांगलीत हाताने शिवलेली चप्पलही कायद्याने कोल्हापुरीच. पट्ट्यांवरच्या वेण्या बहुधा घरातील बायका विणतात. त्यांचे नाव तर कोठेच नाही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा कंपनीने तशाच चपला मांडल्या. ओरड झाल्यावर भारतीय हस्तकलेचे ऋण कंपनीने मान्य केले. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. त्या वादात आपण सर्वांनी अभिमानाने म्हटले, ‘ही तर आमची कोल्हापुरी!’

या ‘आमची’त कोण कोण येते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तरी टाळू नये असे आम्हांस वाटते. मराठीत ‘शिवणे’ म्हणजे टाका घालणे आणि ‘शिवणे’ म्हणजे स्पर्श करणेही. ज्याने गावाचे जोडे शिवले, त्याला गाव शिवत नव्हते. प्राडाने नाव घेतले नाही म्हणून आपण रागावलो, ते योग्यच झाले. पण हे नाव न घेण्याचा धडा प्राडाच्या कितीतरी आधी आपणच गिरवलेला आहे.