अंगण आणि हिरवळ

सुरतेच्या नवागाम-दिंडोली भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. भुसावळवरून वाहत येणारी तापीही पुढे सुरतेसच येते. खानदेशातील त्यांच्या जुन्या घरांपुढे अंगण असे. सकाळी सडा पडला, तुळशीला तांब्याभर पाणी घातले, की त्या अंगणाची तहान भागे. हिरवाई आपणांस नको होती असे नव्हे. परसातल्या केळीला व अळूला न्हाणीचे पाणी जाई.

घरापुढे कापलेले गवत राखण्याची चाल मात्र इंग्रजांची होय. त्यांच्या देशी पाऊस बारा महिने. तेथे १८३० साली बडिंग याने गवत कापण्याचे यंत्र काढले. (गवताला पाणी पाजण्याची चिंता त्यास नसावी!) आपला पाऊस चार महिन्यांचा.

वाचकांनी हिशेब करून पाहावा. १०० चौरस मीटर हिरवळीस उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी दिले, तर ५०० लिटर लागते. शहरात माणशी १३५ लिटर धरण्याचा सरकारी दंडक आहे. म्हणजे हे जवळजवळ चार माणसांचे पाणी. टंचाईच्या दिवसांत ते गवतास घालणे मला तरी सयुक्तिक वाटत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली आगगाडी गेली, तीत ५ लाख लिटर पाणी होते. अशा एक हजार हिरवळी ते एका दिवसात पिऊन टाकतील. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्यास सांगितले; मैदानांवरील गवताला लागणारे पाणी हेच त्या वादाचे मूळ होते.