फाइल दिसली म्हणजे पोचली का?

गेल्या पावसाळ्यात माझ्या हाती एक निष्कर्ष लागला होता. जागतिक हवामान मॉडेल कोकणातल्या पावसाचा अंदाज काही दिवशी फारच कमी देतं, असा. मी आलेख काढले, प्रकरणाच्या मसुद्यात दोन परिच्छेद लिहिले, मार्गदर्शकांना दाखवलेही. ते आलेखाकडे बघून म्हणाले, "जुलैमध्ये कोकण इतकं कोरडं? आधी तुझ्या फाइली बघ."

फाइली बघितल्या. मॉडेलची काही चूक नव्हती. त्या दिवशीच्या काही फाइली अर्ध्याच होत्या.

ही भानगड कशी झाली ते सांगते, कारण त्यामागे पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तुमचं संशोधन हवामानाचं नसलं, तरी दुसऱ्या मशीनवरून येणाऱ्या फाइलीची वाट तुम्हीही कधीतरी बघितली असेल.

रोज सकाळी काय चालतं

मी जीएफएस या अमेरिकन मॉडेलचे अंदाज वापरते. ते दिवसातून चार वेळा चालतं : ००, ०६, १२ आणि १८ यूटीसीला. ०० यूटीसी म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. पण त्या वेळी फक्त मॉडेलचं घड्याळ सुरू होतं. प्रत्यक्ष फाइली साधारण नऊच्या सुमारास एकेक करून यायला लागतात. मला पहिले ७२ तास हवे असतात, दर तीन तासांनी एक, म्हणजे २५ फाइली. त्या आमच्या विभागातल्या एका सामायिक मशीनवर उतरतात आणि तिथून मी त्या माझ्याकडे घेते.

रोज नऊ वाजता कोण बसणार? म्हणून मी एक शेल स्क्रिप्ट लिहिली होती. दर मिनिटाला त्या मशीनला विचारायचं, "फाइल आली का?" नसेल तर साठ सेकंद झोपायचं. असेल तर उतरवून घ्यायची आणि पावसाची बेरीज सुरू करायची. जेमतेम दहा ओळी. मला तर तिचा अभिमानच होता.

चूक ‘आली का’ या दोन शब्दांत होती. माझी स्क्रिप्ट प्रत्यक्षात विचारत होती, "या नावाची फाइल दिसते का?" सामायिक मशीनवर फाइल उतरायला सुरुवात झाली की पहिल्याच क्षणी तिचं नाव यादीत दिसतं. सगळा मजकूर यायला अजून काही मिनिटं लागणार असतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी स्क्रिप्ट अर्धी फाइल उचलून कामाला लागत होती. त्या फाइलींमध्ये पावसाचे आकडे बरेच पुढे असतात, त्यामुळे अर्ध्या फाइलीत ते नसायचेच. आणि आकडा सापडला नाही तर शून्य धर, असं मीच लिहून ठेवलं होतं. झालं, कोकण कोरडं!

एफटीपीची जुनी सवय

फाइली एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायचा एफटीपी हा नियम १९७१ साली लिहिला गेला. आरएफसी ११४ नावाच्या त्या टिपणाचे लेखक अभय भूषण. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून शिकून ते एमआयटीत गेले होते.

एफटीपीच्या नेहमीच्या पद्धतीत दोन जोडण्या असतात : एक बोलण्यासाठी, एक मजकुरासाठी. फाइल संपली हे कसं कळतं? पाठवणारा मजकुराची जोडणी बंद करतो, तोच शेवट. आता मध्येच लाइन तुटली तरी जोडणी बंदच होते. दोन्हींतला फरक बोलण्याच्या जोडणीवर येणाऱ्या उत्तरावरून कळतो. २२६ आकड्याचं उत्तर आलं म्हणजे काम नीट पूर्ण झालं. म्हणजे सोय होती, पण ते उत्तर ऐकणाऱ्यालाच तिचा उपयोग. शिवाय ते फक्त फाइल नेणाऱ्याला ऐकू येतं. बाजूला उभं राहून फोल्डरची यादी बघणाऱ्या माझ्यासारख्या तिसऱ्याला नाही.

क्रॉन फक्त घड्याळ बघतो

१९७९ साली बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. स्टीव्हन बोर्न यांचा शेल तिच्यातच आला. आज आपण लिहितो त्या स्क्रिप्टचं वळण बरंचसं तिथलं. तिच्यात क्रॉनही होता. दर मिनिटाला उठायचं, कोष्टक बघायचं, वेळ झालेली कामं सुरू करायची आणि पुन्हा झोपायचं. आज लिनक्सवर दिसणाऱ्या क्रॉनची मोठी वंशावळ पॉल विक्सी यांच्या १९८७ सालच्या क्रॉनपर्यंत जाते. पण स्वभाव तोच राहिला. क्रॉनला घड्याळ कळतं, फाइल आली की नाही ते कळत नाही. साडेनऊला काम सुरू कर म्हटलं की करणार, त्या दिवशी फाइली पावणेदहाला आल्या तरी. म्हणून ‘झोप, उठ, विचार’ असं चक्र लोक स्वतःच लिहायला लागले. माझ्यासारखं.

ज्यांनी हे आधीच सोडवलं होतं

मला खरी गंमत वाटली ती इथे. त्याच सातव्या आवृत्तीत यूयूसीपी नावाची व्यवस्था होती. माइक लेस्क यांनी ती बेल लॅब्जमध्ये सुरू केली. नंतरच्या रूपात डेव्हिड नोविट्झ आणि ग्रेग चेसन यांचाही हात होता. एक मशीन टेलिफोनवरून दुसऱ्या मशीनला फोन लावायचं, फाइली द्यायचं-घ्यायचं, आणि ‘ही फाइल तिकडे पोचली की हा हुकूम चालव’ असंही सांगायचं. म्हणजे माझंच काम! फरक इतकाच की लाइन कधीही तुटणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

नोविट्झ यांनी लिहिलेलं त्या व्यवस्थेचं वर्णन मी वाचलं आणि जरा खजीलच झाले. त्यात तीन गोष्टी आहेत.

पहिली : येणारी फाइल आधी ‘टीएम’ने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नावाने उतरते. पूर्ण आली की मगच ठरलेल्या जागी जाते. त्यामुळे खऱ्या नावाने अर्धी फाइल सहसा दिसत नाही.

दुसरी : हुकमाच्या कागदात, त्या कामाला कोणत्या फाइली लागणार त्यांची यादी असते. यूयूएक्सक्यूटी नावाचा प्रोग्राम यादीतली प्रत्येक फाइल हजर आहे का ते तपासतो आणि मगच काम सुरू करतो. ट्रकमधला माल चलनाशी ताडून मगच सही करतात ना, तसं.

तिसरी : कुलूप. एक फेरी चालू असताना दुसरीने त्याच लाइनमध्ये घुसू नये म्हणून ‘एलसीके’ने सुरू होणारी छोटी फाइल करून ठेवायची.

माझ्या दहा ओळींत यातलं एकही नव्हतं.

मग आपण विसरलो कसे?

माझा अंदाज असा की साधनं सोपी झाली आणि लाइन तुटेनाशी झाली. १९९६ साली डब्ल्यूगेट आलं. १९९८ साली कर्ल आलं. स्वीडनचे डॅनिएल स्टेनबर्ग यांना चॅटवरच्या एका बॉटसाठी चलनांचे दर आपोआप आणायचे होते, त्यातून त्याची सुरुवात झाली. दोन्ही साधनं उत्तम आहेत. पण सांगितलेल्या नावाने थेट लिहायला सुरुवात करणं ही दोघांची साधी सवय. त्याच १९९६ साली आलेलं आरसिंक मात्र जुन्या वळणाचं आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचं हे साधन आधी ठिपक्याने सुरू होणाऱ्या लपलेल्या नावाने फाइल उतरवतं आणि शेवटी नाव बदलतं. आमच्या सामायिक मशीनवर डब्ल्यूगेट होतं. आरसिंक असतं तर कदाचित हा लेख लिहावा लागला नसता.

आता तुम्ही म्हणाल, फाइल आल्याची वर्दी लिनक्स स्वतःच देतं की! खरं आहे. २००५ साली कर्नेलच्या २.६.१३ आवृत्तीत आयनोटिफाय आलं. लिहिणाऱ्याने फाइल बंद केली की ते सांगतं. पण ते आपल्याच मशीनवर घडलेलं बघतं. नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर पलीकडच्या मशीनने काही लिहिलं तर त्याला पत्ता लागत नाही. दूरच्या फाइलीसाठी पुन्हा आपलं झोप, उठ, विचार.

शेवटचा डबा

रेल्वे स्टेशनात उभं राहून कधी बघितलंय का? गाडीच्या शेवटच्या डब्यावर मागे मोठी फुली असते. इंजिन आलं म्हणजे गाडी आली असं स्टेशनमास्तर धरत नाहीत. ती खूण दिसली की मगच गाडी अख्खी आली असं समजायचं, कारण मधेच डबे सुटून मागे राहिलेले असू शकतात.

हवामानवाल्यांना ही खूण नवी नाही. टेलिप्रिंटरच्या काळात हवामानाच्या संदेशाच्या शेवटी चार वेळा ‘एन’ यायचा. आज ग्रिब स्वरूपातला प्रत्येक संदेश ‘७७७७’ या चार आकड्यांनी संपतो. पण एका फाइलीत असे शेकडो संदेश असतात. फाइल नेमकी दोन संदेशांच्या मधे तुटली, तर शेवटी ७७७७ दिसेल आणि तरीही फाइल अर्धीच असेल. म्हणून नुसती खूण बघून भागत नाही, डबेही मोजावे लागतात.

आता माझी स्क्रिप्ट चाळीस ओळींची झाली आहे. सामायिक मशीनवर फाइली तात्पुरत्या नावाने उतरतात. सगळ्या २५ आल्या, प्रत्येकीतले संदेश मोजून झाले, की शेवटी तिथे एक रिकामी ‘झालं’ फाइल तयार होते. माझी स्क्रिप्ट फक्त तिचीच वाट बघते. कुलूप आहे. दुपारी बारापर्यंत ‘झालं’ आलं नाही तर वाट बघणं थांबवून ती मला मेल करते. आणि सगळ्यात महत्त्वाचं : आकडा सापडला नाही तर शून्य धरत नाही, थांबते. नसलेला पाऊस आणि न सापडलेला पाऊस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मसुद्यातले ते दोन परिच्छेद मी काढून टाकले. मार्गदर्शकांनी विचारलं नसतं तर ते प्रबंधात गेले असते, आणि पुढे कुणीतरी त्यांचा हवालाही दिला असता. स्क्रिप्टने एकदाही चुकीचा संदेश दिला नव्हता. रोज ती मुकाट्याने पूर्ण व्हायची. तुमच्याकडे अशी एखादी मुकाट चालणारी स्क्रिप्ट असेल, तर आज संध्याकाळी ती उघडा आणि बघा : ती कशाची वाट बघते? इंजिनाची, की शेवटच्या डब्याची?