जोर करण्याआधीचा विसावा

१९४७ नंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आज कॅम्प नं. ३ मध्ये मध्यवर्ती रुग्णालय आहे. तेव्हा बराकींतही बाळंतपणे झाली. बराक असो की रुग्णालय, पिशवीचे तोंड पुरते उघडले की कधीकधी कळा मंदावतात, बाईला डुलकीही लागते. बाळाचे डोके खाली उतरलेले असते. सैल पडलेली पिशवी उरल्या अंगाभोवती आवळून घेते. घड्याळाकडे बघणाऱ्यांना मात्र बाळंतीण अडली असे वाटते, मग ‘जोर कर, जोर कर’ असा गलका! इंग्रज लेखिका शीला किट्झिंगर यांनी या वेळेला चक्क ‘विसावा घ्या, आभार माना’ म्हटले. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितले, की बाईला आतून जोर येईल तसा तिने करावा. तोवर बाळाचे ठोके मात्र ऐकत राहायचे, आणि ते बिघडले तर डॉक्टरांना लगेच हाक मारायची.