लुना, चेतक आणि पद्मिनी

माझ्याकडे तीन जुन्या पेट्रोल गाड्या आहेत. "भंगारात कधी काढतोस?" हा प्रश्न ठरलेला. पण मंडळी, हे भंगार नाही, लायसन्स राजचा चालता-फिरता इतिहास आहे!

लुना आणि चेतक, दोघी १९७२ च्या आणि दोघी पुण्याच्या कंपन्यांच्या. लुना ५० सीसीची, दमली की सरळ पायडल मारायचं. चेतकची तऱ्हा वेगळी, आधी तिरकी करायची, मग किक! फिएट ११०० ला पद्मिनी हे नाव मिळालं १९७४ मध्ये. चेतक राणा प्रतापांचा घोडा, पद्मिनी चितोडची राणी. म्हणजे घडण इटलीची आणि नावं मेवाडची :)

किती गाड्या बनवायच्या हे तेव्हा सरकार ठरवायचं. त्यामुळे चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. एवढ्या मिनतवारीने आलेली गाडी लोक जपणारच ना! बिघडली की दुरुस्त करायची, फेकायची नाही. गल्लीतले मेकॅनिक त्यातूनच तयार झाले आणि त्यांच्याच जिवावर माझ्या तिघी आज धावतायत.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या कार्बोरेटरच्या रबरी सीलना ते सोसत नाही, सील बदलावे लागतात. ते बदलून देणारे मेकॅनिकही म्हातारे होत चाललेत, खरी काळजी ती आहे.

चेतक २०२० मध्ये आणि लुना २०२४ मध्ये इलेक्ट्रिक होऊन परत आल्या. चांगलंच झालं. पण टूटी ऑइलचा तो वास काही परत आला नाही.

असो. चेतकचा प्लग साफ करायचाय.