कपित्थासव आणि वऱ्हाड : हिवाळी मेळ्यांतील मसालेदार फलमद्याविषयी एक टिपण

थंडीच्या दिवसांत मंडळी एकत्र जमली म्हणजे सफरचंदाच्या आंबविलेल्या रसात दालचिनी, लवंग, जायफळ घालून तो ऊन ऊन पाजण्याची रीत इंग्लंडात जुनी आहे. या रसाला तेथे सायडर म्हणतात. हे पेय सर्वस्वी परकीय आहे असे आपल्याकडील वाचकास प्रथमदर्शनी वाटते. तथापि फळ, गोडी, मसाला आणि किण्वन या चार गोष्टींचा संयोग हे त्याचे मर्म मानले, तर त्याची नोंद आपल्या प्राचीन ग्रंथांत निःसंदिग्धपणे सापडते. असे असता बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात, जेथे फळही आहे आणि थंडीही आहे, मद्य म्हणजे भट्टीची दारू एवढाच अर्थ का उरला, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील सुराध्यक्षाचे प्रकरण हा या बाबतीतील पहिला साक्षीदार होय. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार सांगितले असून आसवाची कृती दिली आहे. तीनुसार कवठ एक तुळा, फाणित म्हणजे काकवी पाच तुळा आणि मध एक प्रस्थ घ्यावयाचा. त्यात घालावयाच्या मसाल्यात चोच (दालचिनीसारखी सुगंधी साल), चित्रक, वावडिंग व गजपिंपळी ही प्रत्येकी एक कर्ष, तर क्रमुक, मधुक, मुस्ता व लोध्र ही प्रत्येकी दोन कर्ष आहेत. कवठास इंग्रजीतही लाकडी सफरचंद अशा अर्थाचे नाव आहे. मात्र वनस्पतिशास्त्रदृष्ट्या ते लिंबाच्या कुळातील असून सफरचंदाशी त्याचा संबंध नाही.

या प्रमाणांकडे बारकाईने पाहिले पाहिजे. सफरचंदाच्या रसात किण्वनास पुरेल इतकी साखर स्वतःचीच असते. येथे मात्र फळाच्या पाचपट काकवी आहे. म्हणजे मद्यार्क मुख्यतः उसापासून येतो, आणि कवठ आंबटपणा व गंध पुरविते. सायडर आणि कपित्थासव यांत साम्य आहे ते योजनेचे, द्रव्याचे नव्हे. एकावरून दुसरे निघाले असे समजण्यास काहीच आधार नाही.

दुसरा साक्षीदार चरकसंहिता. तिच्या सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात चौऱ्याऐंशी आसवांची गणना आहे. त्यांतील सव्वीस फळांची असून त्यांत कवठ येते, तर दहा फुलांच्या आसवांत मोह आणि धायटी ही दोन्ही येतात. सहाव्या अध्यायातील ऋतुचर्येत हेमंतात मदिरा, शीधु व मधु पिण्यास सांगितले आहे. ग्रीष्मात मात्र मद्य अल्प प्यावे, न प्यावे, अथवा पुष्कळ पाणी घालून प्यावे, असा निर्बंध आहे. थंडी आणि मद्य यांची सांगड ही केवळ युरोपीय कल्पना नव्हे, एवढे यावरून सिद्ध होते.

परंतु या दोन ग्रंथांवरून वऱ्हाडातील लोक कपित्थासव पीत असत असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. अर्थशास्त्र हा विधिग्रंथ आहे, प्रवासवर्णन नव्हे. प्रा. र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात त्याची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर व अभ्यास तीन भागांत प्रसिद्ध केला. त्याच्या काळाविषयी विद्वानांत अद्यापि एकमत नाही. स्थानिक जीवनास अधिक जवळची अशी हालाची गाथासप्तशती मोहाच्या झाडाचे आणि फुलांचे उल्लेख करते. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांच्या उत्तर भागात, मोह आजही परिचित आहे. तेव्हा ग्रंथांतील आसव व रानातील मोह हे दोन वेगळे प्रवाह मानणेच सयुक्तिक आहे.

अर्थशास्त्राचे खरे महत्त्व कृतीपेक्षा नियमनात आहे. मद्याची निर्मिती व विक्री राजाच्या ताब्यात ठेवूनही त्यात तीन सवलती दिल्या आहेत. कुटुंबवत्सल माणसास कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करता येई. उत्सव, समाज व यात्रा या प्रसंगी चार दिवस मद्य करण्याची मोकळीक असे. राजपण्य नसलेल्या सुरा, मेदक, अरिष्ट, मधु, फलाम्ल व आम्लशीधु यांवर शेकडा पाच शुल्क होते. हे राज्य मद्याविषयी उदार होते असे नव्हे; परवानगीवाचून मद्य करणारास दंड होता. मात्र ते प्रथम प्रसंग पाहत असे, भांडे नंतर.

पुढे हे चित्र बदलण्यास दोन कारणे संभवतात. पहिले नैतिक. स्मृतींनी द्विजांस सुरा निषिद्ध ठरविली, आणि तेराव्या शतकात ज्या महानुभाव पंथाच्या प्रवर्तकाचा, चक्रधरांचा, लोणार व मेहकर या बुलढाणा जिल्ह्यातील गावांशी संबंध लीळाचरित्रात येतो, त्या पंथाने मद्य वर्ज्य मानले. म्हणून मद्यत्यागाचा सगळा भार इंग्रजी अमलावर टाकणे अनैतिहासिक ठरेल. दुसरे कारण तांत्रिक व आर्थिक आहे. ऊर्ध्वपातनाचे प्राचीनत्व वादग्रस्त असले, तरी सोळाव्या शतकाच्या अखेरीस ऐन-इ-अकबरीत अर्क गाळण्याच्या रीती स्पष्ट वर्णिलेल्या आहेत. गाळलेले मद्य टिकते, थोड्या जागेत मावते आणि त्याची तीव्रता मोजता येते; आंबविलेले फलमद्य लवकर आंबून शिरका होते.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०२ च्या करारानंतर १९०३ मध्ये तो मध्यप्रांतास जोडण्यात आला, आणि १९१५ मध्ये या प्रांताचा अबकारी कायदा झाला. त्या काळच्या अबकारीत महसुलाचे माप म्हणजे भट्टी, मक्ता आणि मद्याची तीव्रता. शेजारच्या मुंबई इलाख्यात तर १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहफुलांवरच स्वतंत्र कायदा करण्यात आला. मोजता न येणारे, घरगुती, हलके पेय या व्यवस्थेत बसत नव्हते. ते एक तर बेकायदा ठरे, किंवा महसुलाच्या दृष्टीने निरर्थक. राज्याची नजर प्रसंगावरून द्रव्यावर आणि यंत्रावर आली, ती अशी. १९३८ चा मध्यप्रांत व वऱ्हाडचा दारूबंदी कायदा आणि १९४९ चा मुंबईचा कायदा यांचा हेतू महसुलाच्या अगदी उलट होता. पण मोहफुलांचा साठा व वाहतूक यांवरील निर्बंध पाहता दृष्टी तीच राहिली.

एक सवलत मात्र टिकली. १९५५ च्या औषधी व प्रसाधन द्रव्यांवरील अबकारी कायद्यात, स्वतः उत्पन्न झालेला मद्यार्क असलेल्या आणि सामान्य मद्य म्हणून पिता न येणाऱ्या औषधांवर शुल्क नव्हते. तो कायदा २०१७ मध्ये रद्द झाला. ‘औषधासाठी अरिष्ट’ ही कौटिल्याची मुभा अशा रीतीने नव्या भाषेत पुन्हा भेटते. आसव वैद्याच्या बाटलीत जगले. मेळ्यातून ते गेले.

आज कवठाचे फळ महाशिवरात्रीच्या सुमारास गुळासह खाण्याची चाल महाराष्ट्रात आहे. कवठ आणि उसाची गोडी हीच ती जुनी जोडी. येथे ती न आंबविलेली आहे. तिला कपित्थासवाची वंशज म्हणता येणार नाही. पण एकच द्रव्य एका काळी पेय, दुसऱ्या काळी औषध आणि तिसऱ्या काळी उपवासाचा पदार्थ होते, ते केवळ रुचीमुळे नव्हे. राज्य काय मोजते आणि धर्म काय वर्ज्य मानतो, यांवरही ते अवलंबून असते. खाद्यपेयांच्या इतिहासात पाककृतीइतकेच करपद्धतीचे वाचन आवश्यक आहे, हे या लहानशा उदाहरणाचे तात्पर्य होय.