थांबायला कारण लागतं

एकट्यानं मोटारसायकलवर लांब निघायला कारणं पुष्कळ सापडतात. अडचण येते ती थांबण्याची. चारचाकीत चौघं असली की कुणाला चहा हवा असतो, कुणाला फोटो. बाईकवर एकटे असाल तर इंजिनाची लय लागते, पुढचं वळण खुणावत राहतं आणि संध्याकाळी मीटरवर पाचशे किलोमीटर वाढलेले दिसतात. काय काय पाहिलं ते आठवायला बसलं तर दोन ढाबे आणि एक पेट्रोल पंप.

ही अडचण तशी अलीकडची. आधीच्या स्वारांना थांबावंच लागायचं.

१९३२ साली रॉबर्ट एडिसन फुल्टन हा तरुण अमेरिकन लंडनमध्ये एका जेवणाच्या टेबलावर बोलून गेला, की आपण मोटारसायकलवरून जगाला वळसा घालून घरी जाणार. बोलला आणि मग डग्लस कंपनीच्या मोटारसायकलवर खरोखरच निघाला. तुर्कस्तान, इराक, भारत, चीन, जपान करत १९३३च्या नाताळच्या आदल्या दिवशी तो न्यूयॉर्कला पोचला. वाटेत कित्येक ठिकाणी रस्ता म्हणावा असा रस्ताच नव्हता. पुढं कसं जायचं ते भेटेल त्या माणसाला विचारणं, हाच नकाशा.

त्याच दशकात अमेरिकेत बेसी स्ट्रिंगफील्ड ही कृष्णवर्णीय तरुणी एकटीच देशभर मोटारसायकल चालवत होती. तिनं सांगितलेल्या आठवणींनुसार ती नकाशावर एक पेनी फेकायची आणि नाणं पडेल त्या गावाला निघायची. कुठं जायचं हे नाणं ठरवे. कुठं थांबायचं हे मात्र तिच्या हातात नव्हतं. वंशभेदाच्या त्या काळात हॉटेलं तिला खोली देत नसत. एखादं कृष्णवर्णीय कुटुंब भेटलं तर त्यांच्या घरी मुक्काम. नाहीतर पेट्रोल पंपाशी गाडी लावायची, जॅकेटची गुंडाळी हँडलवर ठेवून त्यावर डोकं टेकायचं आणि तिथंच झोपायचं. तिच्या मृत्यूनंतर, २००२ साली, तिचं नाव अमेरिकेतल्या मोटारसायकल हॉल ऑफ फेममध्ये गेलं.

पुढे १९७३च्या ऑक्टोबरमध्ये टेड सायमन हा पत्रकार पाचशे सीसीची ट्रायम्फ घेऊन लंडनहून निघाला. चार वर्षं, ४५ देश, एक लाख किलोमीटरहून अधिक अंतर. त्याचं ‘ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स’ वाचून नंतर कितीतरी जण घराबाहेर पडले. त्या प्रवासात गाडी वारंवार बिघडते, आणि ती बिघडली की कुणीतरी माणूस भेटतो. खोळंबा वजा केला तर त्याच्या प्रवासातली निम्मी माणसंही वजा होतील.

मग गाड्या सुधारल्या, पंप वाढले, हॉटेलची खोली आधीच राखून ठेवता येऊ लागली. कुणावाचून अडेनासं झालं. आणि २००० साली पत्ता विचारण्याचीही गरज संपण्याची सुरुवात झाली.

जीपीएस हे मुळात अमेरिकी सैन्याचं साधन. शत्रूनं ते अचूक नेमबाजीला वापरू नये म्हणून सामान्यांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे आपली जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. १ मे २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी ही भेसळ बंद करण्याची घोषणा केली आणि त्याच मध्यरात्री ती थांबली. जगभरचे जीपीएस रिसीव्हर एका रात्रीत साधारण दहापट अचूक झाले.

दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरली. आत वही-पेन्सिल, पुस्तकं, व्हिडिओ कॅसेट, एक गलोल आणि शेंगांच्या दाण्यांचा एक डबा, म्हणजे बीन्सचा. जागेचे अक्षांश-रेखांश त्यांनी इंटरनेटवरच्या एका चर्चागटावर टाकले. नियम सोपा: शोधा, काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा. माइक टीग यांना ती सर्वांत आधी सापडली. महिनाभरात या खेळाला जिओकॅशिंग हे नाव मिळालं. आता त्या जागी स्मारकफलक आहे.

कल्पना मात्र जुनी. इंग्लंडच्या डार्टमूर पठारावर १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्यानं क्रॅन्मिअर पूल या दुर्गम, दलदलीच्या ठिकाणी एक बाटली ठेवली. तिथवर पायपीट करणाऱ्यानं आपलं कार्ड त्यात टाकायचं. पुढे लोक स्वतःच्या नावानं पोस्टकार्डं ठेवू लागले. नंतर येणाऱ्या अनोळखी माणसानं ती नेऊन टपालात टाकायची!

लांबच्या बाईकस्वाराला या खेळानं नेमकं हरवलेलं ते दिलं: थांबायला कारण. महामार्ग सोडून तीन किलोमीटर आत, वापरात नसलेल्या पुलाखाली एक डबा आहे एवढं कळलं तरी हात आपोआप ब्रेककडे जातो. तिथं पोचल्यावर फोनचा उपयोग संपतो, कारण त्याच्या सांगण्यात पाचदहा मीटरचा फरक राहतोच. हेल्मेट काढायचं, ग्लोव्हज काढायचे आणि डोळ्यांनी शोधायचं. दगड कुठला मुद्दाम ठेवल्यासारखा वाटतो? भिंतीतली कुठली वीट सैल आहे? ज्या पुलावरून भुर्रकन गेलो असतो, तो असा वीतवीत पाहिला जातो. २००४ पासूनच्या ‘अर्थकॅश’ प्रकारात तर डबाही नसतो. तिथले खडक, त्यांचे थर नीट पाहून प्रश्नांची उत्तरं द्यायची.

अर्थात थांबण्याचंही मोजमाप सुरू होतंच. नेवाडाच्या वाळवंटातल्या ३७५ क्रमांकाच्या रस्त्याकडेला २०१० साली हजाराहून जास्त डबे मांडले गेले, साधारण दर १६० मीटरला एक. लोक गाडीतून उतरत, सही करत, पुढं पळत. आकडा वाढे, वाळवंट दिसत नसे. अखेर रस्ता खात्यानं सुरक्षिततेचं कारण देत हरकत घेतली आणि २०११ मध्ये ती रांग काढावी लागली.

मला यातला दुसरा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. डब्यातल्या वहीत आपल्या आधी आलेल्यांची नावं आणि तारखा असतात. त्या वाचताना एकटेपणा थोडा हलका होतो, हे खरं. पण बेसीला दार उघडणाऱ्या घरानं तिला जेवायला बसवलं होतं. वही तसं करू शकत नाही. शिवाय डबा कुणाचा रंग विचारत नाही, पण अनोळखी गावात झुडपात हात घालणाऱ्या माणसाकडे बघणारे डोळे विचारतात. उपग्रहांनी अक्षांश-रेखांश सगळ्यांना सारखे दिले. तिथं निर्धास्त उभं राहण्याची मोकळीक त्यांच्या हातात नव्हती.

तेव्हा डबा सापडला, सही झाली की लगेच किक मारू नका. पुलापलीकडे कुणी गुरं घेऊन बसलं असेल. पूल कधीचा, कुणी बांधला, हे फोनमध्ये मिळेलही. तरी त्यांनाच विचारा.