चिखलांतील खळगे

मासा पाण्यांत कोठें जातो आणि काय खातो, हे प्रश्न वरवर पाहतां अगदीं पोरकट वाटतात. वर्गांत एकाद्या मुलानें ते विचारले, तर मास्तर एका वाक्यांत उत्तर देऊन पुढच्या धड्याकडे वळतात. परंतु श्रोतेहो, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हिरव्या स्टर्जन माशाच्या बाबतींत या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळण्यास दीडशें वर्षें लागलीं. आणि मिळालीं तेव्हां त्यांची गांठ एका सबंध धंद्याशीं पडली. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

ज्याच्या अंड्यांचें कॅव्हिअर श्रीमंतांच्या मेजवानींत मिरवतें, त्या कुळांतला हा मासा. अंगावर साध्या खवल्यांऐवजीं हाडांच्या ढालींच्या पांच रांगा, सांगाडा बहुतांशीं कूर्चेचा, तोंड मुस्कटाच्या खालच्या अंगास आणि त्यापुढें चार मिशा. दांत नाहींत. मिशांनीं तळ चांचपावयाचा, आणि तोंड नळीसारखें बाहेर काढून भक्ष्य ओढून घ्यावयाचें. जन्म नदींत, वाढ समुद्रांत आणि अंडीं घालण्यास पुन्हां नदींत, ही रीत बंगालची हिलसा ज्यांस ठाऊक आहे त्यांना परकी वाटणार नाहीं. मात्र हिलसा एक-दोन वर्षांतच वयांत येते. हिरव्या स्टर्जनला सुमारें पंधरा वर्षें लागतात, आणि पुढेंही तो कांहीं वर्षांच्या अंतरानेंच नदी चढतो.

१८५४ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथील विल्यम एअर्स यांनीं या जातीचें शास्त्रीय वर्णन केलें. त्यानंतर त्याच्याकडे कोणी फारसें ढुंकून पाहिलें नाहीं. कारण त्याचें मांस बेचव मानीत, कोणी तर विषारीही म्हणत. त्याच्या पांढऱ्या भाऊबंदाची चव मात्र लोकांस आवडली. कोलंबिया नदींत १८९२ सालीं सुमारें २५ लक्ष किलो पांढरा स्टर्जन पकडला गेला, आणि शतक संपण्यापूर्वींच तो धंदा बुडाला. बेचव असण्याचाही उपयोग होतो तो असा.

विसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियांत हिरव्या स्टर्जनला क्रमांकाचे बिल्ले टोंचून सोडूं लागले. त्यांतले कांहीं पुढें शेंकडों मैल उत्तरेस, ओरेगन व वॉशिंग्टनच्या किनाऱ्यांवर कोळ्यांच्या जाळ्यांत सांपडले. पण पाकिटावरील टपालाच्या दोन शिक्क्यांवरून जेवढें समजतें तेवढेंच बिल्ल्यावरून समजतें. मधला प्रवास कळत नाहीं.

आपण आतां जें भाषण ऐकत आहांत तें वाहून आणणाऱ्या लहरी खाऱ्या पाण्यांत लगेच विरून जातात. म्हणून संशोधकांनीं ध्वनीचा आश्रय केला. माशाच्या पोटाला लहानशी चीर पाडून त्यांत एक नळकांडें ठेवावयाचें व चीर शिवून मासा सोडून द्यावयाचा. नळकांडें ठरलेल्या अंतरानें आपला सांकेतिक क्रमांक ध्वनिरूपानें उच्चारीत राहतें, आणि समुद्राच्या तळाशीं नांगरलेलीं श्रवणयंत्रें तो क्रमांक वेळेसह टिपून घेतात. यांतलीं कित्येक यंत्रें मुळांत सामन माशाच्या पिल्लांसाठीं मांडलेलीं होतीं. त्यांनीं स्टर्जनचीही वर्दी दिली. दोनशेंहून अधिक माशांच्या या नोंदी २००८ मध्यें प्रसिद्ध झाल्या, आणि हिवाळ्यांत उबेसाठीं दक्षिण गांठावी हा आपला समज या माशानें साफ खोटा ठरविला. शरदऋतूंत तो उत्तरेकडे, कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटापलीकडे जातो, आणि वसंतांत दिवसाला कधीं ५० किलोमीटरांहूनही अधिक वेगानें परततो. उन्हाळा मात्र तो वॉशिंग्टनच्या विलापा खाडींत, ग्रेज हार्बरांत आणि कोलंबियाच्या मुखाशीं काढतो. तेथें त्याला अंडीं घालावयाचीं नसतात. मग तो जातो कशाला?

उत्तर माशांच्या पोटांत होतें, पण सहज हातीं लागण्यासारखें नव्हतें. २००० ते २००५ या काळांत कोळ्यांनीं आणलेल्या ९५ हिरव्या स्टर्जनचीं जठरें तपासलीं, तर त्यांतलीं पुष्कळ रिकामीं निघालीं. (मेक्सिकोच्या आखातांतील स्टर्जन नदींत महिनोन्‌महिने जवळजवळ उपाशीच काढतो, हें येथें आठवतें.) पण २००३ च्या उन्हाळ्यांत विलापा खाडींत मिळालेल्या माशांच्या पोटांत अर्ध्याहून अधिक वजन एकाच भक्ष्याचें भरलें : चिखलांत बिळें करून राहणाऱ्या कोळंबीचें. ओहोटीच्या वेळीं उघड्या पडणाऱ्या खाजणांत, ही कोळंबी जेथें दाट, तेथेंच लहान लहान खळगे दिसत. तोंडाची नळी चिखलांत खुपसून कोळंबी ओढतांना स्टर्जननेंच ते पाडले असावेत, असें अनुमान निघालें.

आतां हीच कोळंबी कालवांची शेती करणाऱ्यांची जुनी वैरीण. ती चिखल इतका भुसभुशीत करते कीं वर पसरलेलीं कालवें खालीं रुतून गुदमरतात. विलापाचीं मूळचीं कालवें एकोणिसाव्या शतकांत सॅन फ्रान्सिस्कोच्या खवय्यांनीं जवळजवळ संपविलीं. पुढें १९२० च्या दशकांत जपानी कालवें आणून तेथील लोकांनीं धंदा पुन्हां उभा केला. तो डोळ्यांदेखत चिखलांत बुडत असतां त्यांनीं औषध शोधलें, यांत मला नवल वाटत नाहीं. १९६३ पासून सुमारें अर्धशतक ओहोटीच्या वेळीं हेलिकॉप्टरमधून कार्बरिल हें कीटकनाशक फवारलें जात असे. तें बंद झाल्यावर त्यांनीं इमिडाक्लोप्रिड मागितलें. २०१५ मध्यें परवाना मिळाला, लोकांनीं गिल्ला केला आणि तो परत गेला. २०१८ मध्यें राज्याच्या पर्यावरण खात्यानें स्पष्ट नकार दिला. तत्पूर्वींच, २००६ मध्यें, सॅक्रामेंटो नदींत जन्मणाऱ्या हिरव्या स्टर्जनला संकटग्रस्त ठरवून कायद्याचें संरक्षण मिळालें होतें. आणि वॉशिंग्टनच्या खाड्यांत उन्हाळा काढणाऱ्यांत याच नदीचीं लेंकरें पुष्कळ असतात.

जठरें तपासणाऱ्या संशोधकांनीं २००८ मध्येंच एक प्रश्न पुढें मांडला होता : या कोळंबीला स्टर्जनच आवर घालीत असेल काय? पांढरा स्टर्जनही तीच कोळंबी खातो, हें त्यांस आढळलें होतें. आणि तो तर १८९२ च्या सुमारास लक्षावधि किलोंनीं बाहेर काढला गेला होता. हिरव्या माशांना एका उन्हाळ्यांत किती कोळंबी लागत असावी, याचा हिशेब २०१७ मध्यें मांडला गेला. कालवांचें पीक मात्र तीन-चार वर्षांत काढावें लागतें. स्टर्जनची नवी पिढी वयांत येईपर्यंत थांबण्याची सवड त्या शेतकऱ्याजवळ नाहीं.